सूरसागरच्या काठावरचं कोर्ट: तुमचे प्रश्न, काकांची उत्तरं

मागच्या वेळी बोलता बोलता न्यायमंदिराबद्दल, म्हणजे बडोद्यात सूरसागर तळ्याकाठी असलेल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीबद्दल, दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या दोन ओळींवर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सगळं पान त्यातच जाणार असं दिसतंय. ठीक आहे. मी पेशाने ड्राफ्ट्समन, तीस-बत्तीस वर्षं टेप घेऊन जुन्या इमारती मोजण्यात गेली, त्यामुळे भिंती आणि कमानी विचाराल तर सांगेन, कोर्टात जिंकायचं कसं ते वकिलांना विचारा.

काका, मी चार वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्याहून बडोद्याला आले. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या न्यायमंदिरापाशी भेट, तर मी ओटीचं सामान घेऊन गेले, खरंच देऊळ असेल वाटलं. अजून सगळे हसतात. आता सासरे म्हणतात ती मुळात भाजीमंडई होती आणि नणंद म्हणते राणीचं स्मारक आहे. नक्की काय ते एकदा सांगाच.
(सूनबाई, दांडिया बाजार)

सूनबाई, तुम्ही ओटी घेऊन गेलात यात हसण्यासारखं काहीच नाही, राणीच्या नावाची वास्तू आहे, ओटी चालली असती.

गंमत म्हणजे सासरे आणि नणंद दोघंही बरोबर आहेत. आखणी झाली ती मंडईसाठी. तिसऱ्या सयाजीरावांच्या मनात गावाच्या मध्यावर, तळ्यालगत एक नीटनेटका मोठा बाजार होता. इमारत उभी राहिली आणि ती इतकी देखणी निघाली की तिथे कांदे-बटाटे मांडायचं बाजूला राहिलं आणि राज्याचं न्यायालय आलं. १८९६ साली व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या हातून उद्घाटन झालं. पूर्ण नाव चिमणाबाई न्यायमंदिर. आणि हे मंडईचं खरं वाटत नसेल तर नकाशा डोळ्यासमोर आणा, मधे एक भलामोठा उंच हॉल आणि भोवती खोल्या-व्हरांडे. कोर्ट म्हणून आखायचं असतं तर मधली एवढी जागा मोकळी कोण सोडेल? मंडईत मात्र अशीच लागते, वरून उजेड, मधे माणसांची वर्दळ, कडेला गाळे. पुढे त्या हॉलमध्ये पक्षकार घोळका करून उभे राहायला लागले, म्हणजे वर्दळ तीच, फक्त भाव वेगळा.

आता राणी कुठली. इथे गावातले जुने लोकसुद्धा चुकतात, कारण सयाजीरावांच्या दोन राण्या आणि दोघींचं सासरचं नाव चिमणाबाई. आपल्यात लग्नात नाव बदलायची पद्धत होती ना, त्याचाच हा घोळ. पहिल्या तंजावरच्या, माहेरचं नाव लक्ष्मीबाई, १८८० साली लग्न झालं आणि १८८५ मध्ये अगदी तरुण वयात गेल्या. दुसऱ्या देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई, त्या भरपूर जगल्या, १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि १९५८ साली वारल्या. न्यायमंदिर पहिल्या चिमणाबाईंच्या नावाचं, आणि रावपुऱ्यातला टॉवर पण त्यांच्याच आठवणीसाठी, तोही १८९६ चाच. नेटवर न्यायमंदिराच्या माहितीत १९५८ हे साल दिसलं तर समजा लिहिणाऱ्याने राण्यांची अदलाबदल केलीय.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. राणी तंजावरची, तिकडच्या मराठ्यांची लेक, तिच्याबरोबर तिकडचे नर्तक-वादकही बडोद्यात आले. आणि तिच्या नावाची वास्तू ज्याने बांधली तो आर्किटेक्ट रॉबर्ट चिझम, तोही मद्रासहूनच इकडे आलेला.

चेन्नईत पोस्टिंग होतं तेव्हा मरीना बीचसमोरच्या जुन्या इमारती बघून मला सारखं बडोदं आठवायचं. बायको म्हणायची घरची आठवण येतेय म्हणून असं वाटतं. ती म्हणते तसंच आहे की काही संबंध आहे?
(बदलीवरून परत आलेला, मांजलपूर)

वहिनींना सांगा की या वेळी तुम्ही जिंकलात! संबंध आहे आणि सरळ आहे. हात एकाच माणसाचा.

चिझम मद्रास सरकारचा आर्किटेक्ट होता. प्रेसिडेन्सी कॉलेज आणि मद्रास युनिव्हर्सिटीचं सेनेट हाउस, दोन्हींसाठी स्पर्धा झाली होती आणि दोन्ही त्याने जिंकल्या. सेनेट हाउस १८७४ ते १८७९ मधलं. बाजूला चेपॉकचा नवाबाचा जुना महाल, तो सरकारच्या ताब्यात आल्यावर त्यात कचेऱ्या बसवल्या, आणि त्याच्या दोन भागांमधे चिझमने मनोरा चढवून असा काही जोडला की नवं कुठलं, जुनं कुठलं ते पटकन कळत नाही. म्हणजे हा माणूस समुद्राकडे तोंड करून सरकारी इमारती उभ्या करण्यात मुरलेला होता. पाण्याकाठी इमारत लांबून दिसते, समोर अडवणारं काही नसतं, त्यामुळे तिची आकाशात उमटणारी रेघ महत्त्वाची, बारीक नक्षी नंतर. सेनेट हाउसचे कोपऱ्यांवरचे मनोरे आठवा आणि मग न्यायमंदिराचं छप्पर आठवा, वर काय चाललंय त्याकडे चिझमचं दोन्हीकडे सारखंच लक्ष आहे. फक्त तिथे समोर बंगालचा उपसागर आणि इथे आपला सूरसागर, एवढाच काय तो फरक (बडोदेकरांना हा फरक फारसा मोठा वाटत नाही).

मरीनाचं अजून एक सांगतो, मराठी माणसाला मजा वाटेल. तो फिरायचा रस्ता १८८० च्या दशकात करवून घेतला मद्रासचा गव्हर्नर ग्रँट डफ याने, मरीना हे नावही त्याचंच. आपल्या शाळेच्या इतिहासात साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ यायचा ना, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, त्याचा हा मुलगा. पोराचं नावसुद्धा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवलेलं, पेशवाई घालवणाऱ्या साहेबावरून.

लक्ष्मी विलास पॅलेस पण चिझमचाच का?
(एक विद्यार्थिनी, अलकापुरी)

अर्धा. सुरुवात मेजर चार्ल्स मँटने १८७८ मध्ये केली, कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याचा तोच हा. १८८१ मध्ये तो वारला आणि पुढे चिझमने १८९० ला काम पुरं केलं. मँटला आपली गणितं चुकलीत, वाडा कोसळणार अशी धास्ती लागली होती असं सांगतात. वाडा सव्वाशे वर्षांहून जास्त काळ जागचा हललेला नाही.

परवा हेरिटेज वॉकमध्ये गाइडने न्यायमंदिर बायझंटाइन शैलीचं आहे असं सांगितलं आणि पुढे चालू लागला. माझ्या नातवाने विचारलं आजोबा बायझंटाइन म्हणजे काय, मी म्हटलं जुनं. काहीतरी बरं सांगा म्हणजे माझी लाज राहील.
(आजोबा, वाडी)

आजोबा, 'जुनं' हे उत्तर अगदीच चूक नाही. आज जिथे इस्तंबूल आहे तिथे पूर्वी पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची राजधानी होती, तिकडची ही बांधायची रीत. तिथलं हागिया सोफिया ५३७ साली पुरं झालं, सगळ्यांनी गिरवलेला कित्ता तो. नातवाला तीन गोष्टी दाखवा म्हणजे झालं. एक, कमान. मशिदीची किंवा आपल्या वाड्याच्या दरवाजाची कमान वर टोकदार होते, बायझंटाइन कमान अर्धी भाकरी उभी केल्यासारखी गोल. दोन, भिंतींवरचं मोझेक, म्हणजे रंगीत बारक्या तुकड्यांचं जडवकाम, न्यायमंदिराच्या मधल्या हॉलमध्ये आहे. चित्र रंगवलं तर विटतं, तुकड्यांचा रंग मुळात तुकड्यातच असतो म्हणून तो टिकतो. तीन, चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायची युक्ती, कोपऱ्यांत शिडासारखे त्रिकोण वळवून चौकोनाचा हळूहळू गोल करायचा. हे तिसरं शिकवायला न्यायमंदिरात थांबू नका, नातवाला युनिव्हर्सिटीत आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाखाली न्या, तोही चिझमचाच, आणि तो विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला. विजापूरकरांनी त्याच चौकोनाचा गोल एकमेकींत अडकवलेल्या कमानींनी केला, म्हणजे गणित तेच, पण सोडवायची रीत वेगळी.

आणि शैली बियली ठीक आहे, पण चिझमला इथल्या गवंड्यांबद्दल मनापासून आदर होता हे जास्त महत्त्वाचं. नाव कुठलंही दिलं तरी हात आपल्याच कारागिरांचे.

आमचं घर सूरसागरपासून चार गल्ल्या सोडून, साधारण शंभर वर्षांचं असेल. खालच्या मजल्याच्या भिंतींना कमरेइतकी ओल आणि पांढरी पावडर येते. दोनदा सिमेंट प्लास्टर केलं, वर वॉटरप्रूफ पेंट मारला, ओल आता छातीपर्यंत आलीय. न्यायमंदिर तर तळ्याला चिकटून आहे, ते कसं उभं आहे?
(त्रासलेला, रावपुरा)

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून जरा लांबण लागेल.

तुमची ओल वर चढलीय ती तळ्यामुळे नाही, सिमेंटमुळे. जुनी वीट आणि चुना पाणी शोषतात, जमिनीतली ओल त्यातून वर येते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी, आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर उडून जाते. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. तुम्ही वरून सिमेंट थापलं म्हणजे तिचं नाकतोंड दाबलं. पाण्याला बाहेर पडायला जागा नाही मग ते जागा शोधत वर वर जातं, कमरेवरून छातीवर. आणि ती पांढरी पावडर म्हणजे लोणा, जमिनीतले क्षार. पाण्यात विरघळून येतात, पाणी उडालं की मागे राहतात, त्यांचे खडे होतात, खडे फुगतात आणि विटेचा कपचा काढतात. प्लास्टर भरभर पडतं ते त्यामुळे.

मी हे शहाणपण शिकवतोय पण आमच्याच वाड्यात मी हेच केलं होतं. वडील गेल्यावर घाईने माजघराची भिंत एका कॉन्ट्रॅक्टरकडून सिमेंटने करून घेतली, तो म्हणाला काका वीस वर्षं बघायला नको. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीतली वीट बोटाने उकरली तर भुगा हातात आला. आई रोज सकाळी केर काढताना तो भुगा सुपात भरायची आणि काही न बोलता माझ्यासमोरून न्यायची.

तर करायचं काय. सिमेंट काढा, ओलीच्या रेघेच्या वर फूट-दीड फूट जास्तच काढा. भिंत एक उन्हाळाभर तशीच उघडी सोडा, घरात वाईट दिसेल, दिसू दे. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, धुतलं की तो परत आत जातो. मग चुना आणि वाळूचा गिलावा, ओलाव्याच्या जागी सुरखी म्हणजे विटेची पूड घालून. चुना विरवून दिवस काढलेला हवा, पिशवी फोडून लगेच थापायचा नाही. वरून चुन्याचीच सफेदी, प्लॅस्टिक पेंट अजिबात नको. दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांधी, भरायच्या असतील तर त्याही चुन्याने. आणि सगळ्यात आधी घराभोवतीचं पाणी घरापासून लांब वाहून जाईल असा उतार करा, आपल्याकडे रस्ते दर वेळी एकावर एक थर देऊन उंच करतात आणि घरं खड्ड्यात जातात, अर्धी ओल तिथूनच येते.

न्यायमंदिराचं म्हणाल तर त्याच्या जाड भिंतींना आणि मोठ्या व्हरांड्यांना हवा लागते, पाया भक्कम आहे, आणि सूरसागरला चारही बाजूंनी दगडी बांधणी आहे. मूळ तळं चंदन तलाव म्हणून होतं, अठराव्या शतकात त्याला दगडी काठ आणि घाट मिळाले. पाणी फार वाढलं तर आतल्या भूमिगत दारांतून ते विश्वामित्री नदीकडे सोडायची सोय आहे. म्हणजे तळं नुसतं शोभेचं नाही, त्याची पातळी सांभाळायची व्यवस्था जुन्यांनी केलेली. पण अशा इमारतीचा मोठा शत्रू तळं नसतोच, तो पिंपळ असतो. कावळा बी टाकतो, गच्चीच्या भेगेत इवलं रोप येतं, 'काढू नंतर' म्हणतात, आणि दहा वर्षांनी मूळ कमानीतून खाली उतरतं. उपटू नका, उपटलं की चिरा सोबत येतो, कापून मुळाला औषध घालून मरू द्यावं लागतं.

माझ्या वडिलांची जमिनीची केस न्यायमंदिरात १९ वर्षं चालली. लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो, त्या मोठ्या हॉलमध्ये गार फरशीवर बसून मी गृहपाठ करायचो. आता बंद दारासमोरून जाताना कसंतरी होतं. तिथे पुढे काय होणार?
(निवृत्त बँक कर्मचारी, कारेलीबाग)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. स्टॅम्प व्हेंडर, टाइपरायटरची खडखड, पट्टेवाल्याचा पुकारा, आणि त्यात कोपऱ्यात पाढे लिहिणारा मुलगा, मला लगेच दिसला.

२०१८ मध्ये कोर्टं दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेली. जाणं भागच होतं, पार्किंग नाही, लिफ्ट नाही, रेकॉर्ड ठेवायला जागा नाही. शहराचं म्युझियम करायचं असं तेव्हापासून बोललं जातंय. माझं मत विचाराल तर म्युझियम करा, वाचनालय करा, काहीही करा पण दारं रोज उघडा. माझा अनुभव असा की वापरातली इमारत दिवसातून शंभर वेळा कुणीतरी बघत असतं, कौल फुटलं तर पट्टेवाला सांगतो, नळ गळला तर वकील ओरडतो. कुलूप लागलं की पहिलं गळकं छप्पर कुणालाच कळत नाही आणि कळतं तेव्हा तुळई गेलेली असते.

म्युझियम झालंच तर एका खोलीत बडोदा राज्याचे कायदे मांडावेत ही माझी फर्माइश. १९०४ चा बालविवाह प्रतिबंध, १९०६ ची सगळ्या राज्यात सक्तीची प्राथमिक शाळा, १९३१ चा हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा, ब्रिटिश हिंदुस्थानाच्या कितीतरी आधी. हे कायदे नुसते कागदावर नव्हते, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड व्हायचा. १ मे १९४९ ला राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं आणि न्यायमंदिर राज्याचं न्यायालय न राहता जिल्ह्याचं कोर्ट झालं. १९६० ला गुजरात झाला. इमारत तिथेच, तिच्यावरची पाटी तेवढी बदलत गेली. आणि एक कोपरा तुमच्या गृहपाठासाठी पण ठेवायला हवा, मी गंमत करत नाहीये.

सूरसागरच्या काठावर अजून काय बघण्यासारखं आहे? पाहुणे येणार आहेत, फक्त शंकराचा पुतळा दाखवून होत नाही.
(गृहिणी, गोत्री)

शंकर तर दिसणारच, शंभर फुटांच्या वर आहे, टाळायचं म्हटलं तरी टाळता येणार नाही. पाहुण्यांना म्युझिक कॉलेज दाखवा. १८८६ मध्ये सयाजीरावांनी उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली, आज ती युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. संध्याकाळी तिथून कुणीतरी तंबोरा लावत असतं. एका तळ्याच्या काठी गाणं आणि कोर्ट शेजारी शेजारी, बडोद्याची ओळख करून द्यायला एवढं पुरे. मग लहेरीपुरा दरवाजातून जुन्या गावात, पुढे मांडवी. पाहुणे मुंबईचे असतील तर शेवउसळ आधी खायला घाला, पोटात काही नसलं की मुंबईकर आर्किटेक्चर ऐकत नाहीत.

न्यायमंदिराचा फोटो चांगला कधी येतो? माझ्या प्रत्येक फोटोत वायर, होर्डिंग आणि कुणाची तरी रिक्षा येते.
(कॉलेजचा फोटोग्राफर, प्रतापगंज)

इमारत तळ्याच्या पूर्वेला आहे, म्हणजे सूरसागरकडून बघितलं तर उतरत्या दुपारचं ऊन तिच्या अंगावर पडतं. साडेचार-पाचच्या सुमारास, पावसाळा नुकताच संपलेला असेल तर उत्तम, हवा धुतलेली असते. समोरच्या काठावरून काढ, जवळ जाऊ नकोस, ती लांबून बघायचीच इमारत आहे हे वर सांगितलंच. रविवारी सकाळी वर्दळ कमी असते पण तेव्हा सूर्य मागे असतो, नुसती काळी आकृती येईल, ती पण वाईट नाही, छपराची सगळी गंमत तिच्यात कळते. वायरी माझ्या हातात नाहीत. रिक्षा राहू दे फोटोत, पन्नास वर्षांनी लोक रिक्षाच बघतील.